केटीच्या नावाचा कागद

२०२३ सालच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. रात्री साडेअकराच्या सुमारास भाचीचा फोन आला. ती अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात असते. आपल्याकडे मध्यरात्र होत आलेली, तिच्याकडे दुपार. आवाज दमलेला होता, पण रडका नव्हता. म्हणाली, “मामू, एक फॉर्म भरायचाय. त्याच्यावर ‘केटी बेकेट’ असं नाव आहे. योजना काय आहे ते सगळे सांगतात. पण ही केटी कोण, ते कुणालाच धड सांगता येत नाही. तुम्ही वाचता-लिहिता, तुम्ही शोधा ना.”

तिचा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. सत्ताविसाव्या आठवड्यातच जन्माला आला. फुप्फुसं तयार झालेली नव्हती. गळ्याला छेद देऊन नळी बसवलेली आणि त्या नळीला श्वासाचं यंत्र जोडलेलं. जन्मापासून मुक्काम दवाखान्यातच. आता डॉक्टर म्हणत होते, घरी न्या, घरी तो लवकर वाढेल. पण अशा मुलाला घरी न्यायचं तर रात्रभर कुणीतरी शिकलेलं माणूस जागं असायला हवं. नळीत कफ अडकला तर तासांचा नाही, मिनिटांचा प्रश्न असतो. जावयाच्या कंपनीचा विमा चांगला होता. दवाखान्याच्या भल्यामोठ्या बिलांपैकी बहुतेक रक्कम त्या विम्यानं भरली. घरी रात्रीची नर्स लागणार म्हटल्यावर मात्र त्यानं मोजक्या दिवसांची तयारी दाखवली. पुढचं तुमचं तुम्ही बघा. म्हणून हा दुसरा फॉर्म.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विमा हा विषय माझ्या आयुष्यात हप्त्याच्या तारखेपुरताच आलेला. पण भाचीचा प्रश्न विम्याचा नव्हता, नावाचा होता. आणि नावाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला आवडतं. मी शोधायला लागलो. शोधता शोधता अमेरिकेतून थेट आमच्या अंगणात येऊन पोचलो. आज त्याच प्रवासाबद्दल आपल्याशी बोलणार आहे.

आधी अंगण. आमचं गाव गिरण्यांचं. अब्बा गिरणीत होते, चाचा दुसऱ्याच्या पॉवरलूमवर. एका अंगणात दोन चुली. १९८१च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण आणि चाचांचा मुलगा, दोघंही तापानं पडले. दोघंही तीन वर्षांच्या आसपासचे. छातीत कफ भरलेला, श्वास लागलेला.

अब्बांकडे कामगाराचं कार्ड होतं. त्या कार्डावर बहिणीला दवाखान्यात दाखल केलं. औषध फुकट, खाट फुकट, दूधसुद्धा फुकट. पण अम्मीला आत राहायची परवानगी नव्हती. भेटायची वेळ चार ते सहा. बाकीचा वेळ अम्मी आवारातल्या लिंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसायची. वॉर्डाची खिडकी कोणती, हे तिनं हेरून ठेवलं होतं. आतून रडण्याचा आवाज आला की उठायची, थांबला की बसायची. बारा दिवस हे चाललं.

चाचांकडे कार्ड नव्हतं. त्यांनी पोराला गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. बाटलीत लाल औषध, बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी, आणि रोज एक सुई. पोरगा घरी चाचीच्या कुशीतच राहिला. तोही वाचला. पण औषध, सुया आणि चाचांचे बुडालेले खाडे यांच्यात चाचीच्या हातातल्या चांदीच्या बांगड्या मोडल्या गेल्या. त्या परत कधी झाल्या नाहीत.

बहीण बरी होऊन घरी आली. मी दहा-अकरा वर्षांचा होतो, मला ते दृश्य स्वच्छ आठवतं. अम्मीनं हात पुढे केले, आणि बहिणीनं मान फिरवली. ती रडली नाही, चिडलीही नाही. फक्त बघेना. दोन-तीन आठवडे ती अम्मीकडे जात नव्हती. अम्मी म्हणायची, “पोरीचा ताप उतरला, पण पोर उतरून गेली मनातून.” एका कार्डानं आईची कूस घेतली आणि कार्ड नसण्यानं आईच्या बांगड्या घेतल्या, एवढंच मला तेव्हा समजलं होतं. हे असं का होतं, याला काही इतिहास असेल, हे मनातही आलं नव्हतं.

आता त्या इतिहासाकडे वळतो. आरोग्यविमा अमेरिकेत कसा जन्मला, ते पाहण्यासारखं आहे. १९२९ साली टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयात जस्टिन फोर्ड किंबल नावाचे गृहस्थ कारभार पाहत होते. पूर्वी ते शाळाखात्यात अधिकारी होते. रुग्णालयाच्या वह्या चाळताना त्यांच्या लक्षात आलं, की थकबाकीदारांत शिक्षकच पुष्कळ आहेत. त्यांनी शिक्षकांपुढे एक योजना मांडली. महिन्याला ५० सेंट भरा. आजारी पडलात तर वर्षाला २१ दिवस रुग्णालयात ठेवून घेऊ. हजारावर शिक्षक त्यात आले. पुढे ‘ब्लू क्रॉस’ नावानं देशभर जे पसरलं, त्याचं हे मूळ. यात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हा विमा काढला तो रुग्णालयानं, आणि काढला तो रुग्णालयाच्या खाटेचे पैसे वसूल व्हावेत म्हणून. विम्याला पहिल्या दिवसापासून खाट दिसत होती. घर दिसत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सरकारनं पगारवाढीवर बंधन घातलं. माणसं तर हवी होती. मग कारखानदारांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली. १९५४च्या करकायद्यानं या विम्यावर कर नाही हे पक्कं केलं. त्यामुळे विमा नोकरीला चिकटला. बापाची नोकरी चांगली तर मुलाचं कार्ड चांगलं. नोकरी गेली तर कार्ड गेलं.

ज्यांच्याकडे अशी नोकरी नव्हती, त्यांच्यासाठी ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी एका कायद्यावर सही केली. शेजारी माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन बसलेले होते. म्हाताऱ्यांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’. मेडिकेडचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. १९६७ साली त्यात मुलांसाठी एक मोठी तरतूद झाली. मुलांची वेळोवेळी तपासणी करायची आणि तपासणीत जे निघेल त्यावर उपचारही द्यायचे. कागदावर ही तरतूद पुष्कळ खासगी विम्यांपेक्षा उदार होती. पण मेडिकेड मिळायला आधी गरीब असावं लागे, आणि गरीब आहोत हे सिद्ध करावं लागे.

म्हणजे आता मुलांचे तीन वर्ग झाले. नोकरीवाल्या विम्याची मुलं, सरकारी विम्याची मुलं आणि विनाविम्याची मुलं. आमच्या एका अंगणात दोन होते, तिथे तीन.

मग आई कुठे होती? ती बाहेरच होती, आणि याला केवळ पैसा कारण नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेत आणि युरोपात बालरुग्णालयांचा शिरस्ता होता, की आईबापांनी आठवड्यातून एखाददा यावं. जंतुसंसर्गाची भीती होती. शिवाय आई आली की मूल रडतं आणि वॉर्डाची शिस्त मोडते, असंही मानलं जाई. आई नसताना मूल गप्प असतं, म्हणजे ते रुळलं, असा समज होता.

हा समज खोटा ठरवला तो लंडनच्या जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकानं. जॉन बोल्बी या मानसतज्ज्ञांबरोबर ते काम करत. १९५२ साली त्यांनी एक साधी फिल्म काढली. अडीच वर्षांची एक मुलगी लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढाच विषय. ती फारसं रडत नाही. पण दिवसागणिक तिचा चेहरा मिटत जातो. शेवटी आई घ्यायला येते तेव्हा ती आईचा हातसुद्धा धरत नाही. ही माहिती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मान फिरवलेली माझी बहीण डोळ्यांसमोर आली. जे आम्हाला आमच्याच घरातलं दुःख वाटलं होतं, ते आमच्या आधी तीस वर्षं कुणीतरी चित्रित करून ठेवलं होतं.

आणखी एक लक्षात घेण्याजोगं. ब्रिटनमध्ये १९४८पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा होती. बिल कुणालाच नव्हतं. तरी आई बाहेरच. म्हणजे पैशाचा प्रश्न सुटला की आईचा प्रश्न आपोआप सुटतो असं नाही. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनं शिफारस केली, की आईबापांना केव्हाही भेटू द्यावं, लहान मुलाच्या आईला सोबत राहता यावं. शिफारस झाली, पण अंमलबजावणी रखडली. १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी संघटना काढली आणि वर्षानुवर्षं रुग्णालयांच्या मागे लागून दारं उघडायला लावली. अमेरिकेतही साठ-सत्तरच्या दशकांत ही दारं हळूहळू किलकिली झाली. आई वॉर्डात आली. पण विम्याच्या कायद्यात ती अजून आलेली नव्हती. तिथे तिला नेलं एका लहान मुलीनं. तीच ही केटी.

केटी बेकेटचा जन्म ९ मार्च १९७८चा, आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावचा. पाच महिन्यांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ती कोमात गेली. जागी झाली ती लुळी होऊन. स्वतःचा श्वास स्वतः घेता येईना. गळ्यात नळी, नळीला यंत्र. दवाखान्यातच ती मोठी होऊ लागली. वडिलांच्या घरचा विमा खासगी होता. त्याची कमाल मर्यादा दहा लाख डॉलरची. कुणालाही वाटेल, एवढे पैसे कुणाला लागणार? केटीला लागले. ती तीन वर्षांची होण्याच्या सुमारास ते संपले, आणि पुढचा खर्च मेडिकेडनं उचलला.

इथे खरा पेच सुरू होतो, तो जरा सावकाश सांगतो. तोवर केटीची प्रकृती सुधारली होती. डॉक्टर म्हणाले, हिला घरी न्यायला हरकत नाही. आई ज्युली शिक्षिका होती. नळी साफ करणं, यंत्र सांभाळणं ती शिकायला तयार होती. पण नियम असा होता, की मूल महिनाभराहून जास्त रुग्णालयात असेल तर त्याच्या पात्रतेसाठी आईबापांचं उत्पन्न मोजायचं नाही. मूल एकटं, त्याच्या नावावर काही नाही, म्हणून ते गरीब, म्हणून मेडिकेड लागू. तेच मूल घरी आलं की आईबापांचं उत्पन्न त्याचं धरायचं. मग ते गरीब राहत नाही, आणि मेडिकेड बंद. बेकेट कुटुंब मध्यमवर्गीय होतं. मेडिकेड मिळण्याइतकं गरीब नाही, आणि यंत्र, औषधं, नर्सा यांचा खर्च पेलण्याइतकं श्रीमंतही नाही. थोडक्यात, मुलगी आईजवळ आली तर तिचा विमा तुटणार, आणि आईपासून दूर राहिली तर चालू राहणार.

ज्युलीनं पत्रं लिहायला सुरुवात केली. आयोवाचे काँग्रेस सदस्य टॉम टॉकी यांनी प्रकरण वर नेलं. ते उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यापर्यंत आणि त्यांच्याकडून रोनाल्ड रेगन यांच्या कानांवर गेलं. १० नोव्हेंबर १९८१च्या पत्रकार परिषदेत रेगन यांनी नाव न घेता या मुलीची हकिकत सांगितली. आकडे दिले. रुग्णालयात ठेवायला सरकार महिन्याला ६,००० डॉलर देतं, घरी खर्च १,००० डॉलरचा, आणि घरी तिची प्रकृतीही सुधारेल. मग हा कसला नियम, असं त्यांनी विचारलं. गंमत अशी, की त्याच वर्षी रेगन सरकारनं मेडिकेडसकट अनेक योजनांच्या पैशाला कात्री लावली होती. त्यांना या गोष्टीत सरकारी नियमांचा मूर्खपणा दाखवायचा होता. ज्युलीला मुलगी घरी आणायची होती. दोघांच्या वाटा निराळ्या, पण एका चौकात त्या भेटल्या.

आरोग्यमंत्री रिचर्ड श्वाइकर यांनी केटीपुरता नियम शिथिल केला. डिसेंबर १९८१मध्ये, नाताळच्या तोंडावर, पावणेचार वर्षांची केटी घरी आली. त्याच वर्षी आमच्याकडे माझी बहीण मान फिरवून बसली होती. दोघीही १९७८च्या. इतिहासात अशा योगायोगांना काही अर्थ नसतो, हे मला माहीत आहे. तरी मी थबकलो, हेही खरं.

एका मुलीपुरता शिथिल केलेला नियम म्हणजे मेहेरबानी, हक्क नव्हे. ते काम १९८२च्या सप्टेंबरात झालं. त्या वर्षीच्या करविषयक कायद्यात एक कलम घातलं गेलं. त्यानुसार राज्यांना मुभा मिळाली, की मूल रुग्णालयात ठेवण्याइतकं आजारी असेल, घरी त्याची नीट देखभाल होऊ शकत असेल, आणि घरचा खर्च तिथल्या खर्चाहून जास्त नसेल, तर आईबापांचं उत्पन्न न मोजता त्याला घरीच मेडिकेड द्यावं. हाच तो ‘केटी बेकेट’ पर्याय. पर्याय म्हणजे सक्ती नाही. राज्यानं घेतला तर घेतला. टेनेसी राज्यानं असा कायदा केला २०१९ साली, आणि प्रत्यक्ष योजना सुरू केली २०२० साली. तोवर अडतीस वर्षं गेली होती.

याच सुमाराला डॉ. सी. एव्हरेट कूप हे अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे प्रमुख आरोग्य सल्लागार होते. ते मूळचे फिलाडेल्फियाचे बालशल्यचिकित्सक. नवजात मुलांवर शस्त्रक्रिया करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मूल वाचवलं की काम संपत नाही, ते कुठे आणि कुणाजवळ वाढतं हेही बघावं लागतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. १९८२ साली यंत्रावर जगणाऱ्या मुलांबद्दल त्यांनी परिषद बोलावली. १९८७च्या त्यांच्या अहवालात ‘कुटुंबकेंद्री’ सेवा हा शब्द ठळकपणे आला. १९८९ साली तो माता-बाल आरोग्याच्या केंद्रीय कायद्यात शिरला. या शब्दाचा साधा अर्थ असा, की मुलाच्या आयुष्यात कायम असणारं घर आहे, दवाखाना आणि डॉक्टर येतात-जातात. म्हणून निर्णयात घराला विचारायचं, त्याला माहिती द्यायची, त्याच्या रीतीभातींचा मान ठेवायचा. ज्युली बेकेट यांनी १९९२ साली इतर आईबापांबरोबर ‘फॅमिली व्हॉइसेस’ ही संस्था उभी केली, आणि पुढची तीस वर्षं त्या हेच सांगत राहिल्या.

शब्द कायद्यात आला म्हणून तो प्रत्येक खाटेपर्यंत पोचतोच असं नाही. तो पोचला का, हे मोजायचं कसं? २००१ साली अमेरिकेत विशेष आरोग्यगरजा असलेल्या मुलांची राष्ट्रीय पाहणी सुरू झाली. घरोघरी फोन करून आईबापांना विचारलं गेलं. डॉक्टर पुरेसा वेळ देतात का? तुमचं नीट ऐकतात का? तुमच्या घरच्या चालीरीतींची जाण ठेवतात का? हवी ती माहिती देतात का? तुम्हाला भागीदार मानतात का? प्रश्न इतके साधे, की आमच्या अम्मीलाही उत्तरं देता आली असती. पण तिला ते कुणी विचारले नाहीत.

उत्तरांचं वर्गीकरण विम्याप्रमाणे केलं तेव्हा फरक दिसला. ज्यांना विमाच नव्हता त्यांचे होकार कमी. सरकारी विम्याच्या घरांचे होकारही खासगी विम्याच्या घरांपेक्षा कमी. याचा सगळा दोष कार्डाला देता येत नाही. गरिबी, भाषा, वर्ण, शिक्षण या गोष्टी कार्डाबरोबरच चालत येतात, आणि त्या हिशेबात घेतल्या की विम्याचा फरक पुष्कळ कमी होतो. पण कार्डाचाही वाटा आहेच. मेडिकेड डॉक्टरांना कमी फी देतं, म्हणून अनेक डॉक्टर असे रुग्ण घेत नाहीत किंवा मोजके घेतात. जिथे मिळतात तिथे गर्दी, आणि गर्दीत ऐकून घ्यायला वेळ कुठला?

नाण्याची दुसरी बाजूही आहे. मूल दीर्घकाळ आजारी असेल तर खासगी विम्याची घरंच तक्रार करतात, की वरखर्चानं आम्ही वाकलो. व्यायाम-उपचारांचे दिवस मोजून दिले, घरच्या नर्सचे तास मोजून दिले. मेडिकेड तिथे जास्त उदार. मला जे समजलं ते असं: खासगी कार्ड डॉक्टरांचं दार लवकर उघडतं, आणि सरकारी कार्ड, एकदा मिळालं तर, मुलाबरोबर घरापर्यंत येतं. कुटुंबाला दोन्ही हवं असतं. एकच कार्ड दोन्ही क्वचितच देतं. भाचीच्या हातातला फॉर्म म्हणजे ही दोन कार्डं एकमेकांना शिवायची सुई होती.

मधल्या काळात आणखी दोन टप्पे झाले. १९९७ साली केनेडी आणि हॅच या दोन विरोधी पक्षांच्या सिनेटरांनी मिळून मुलांच्या विम्याची नवी योजना आणली, तिला तंबाखूवरच्या करातून पैसा दिला. मेडिकेड मिळण्याइतकी गरीब नसलेली, पण खासगी विमा न परवडणारी मुलं तीत आली. आणि २०१०च्या आरोग्य कायद्यानं विम्याची आयुष्यभराची कमाल मर्यादाच रद्द केली. केटीचे दहा लाख ज्या भिंतीला धडकून संपले, ती भिंत पडली. पण २०२५च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्यानं मेडिकेडच्या पैशाला पुन्हा मोठी कात्री लावली. पैसे कमी पडले की राज्यं आधी ऐच्छिक गोष्टींकडे बघतात. खाट सक्तीची आहे, घर ऐच्छिक आहे. केटीच्या नावाचं कलमही ऐच्छिकच आहे.

केटी कॉलेजात शिकली, स्वतःच्या घरात राहिली, अपंग तरुणांच्या हक्कांसाठी बोलली. १८ मे २०१२ रोजी, चौतिसाव्या वर्षी, ती गेली. ज्युली गेल्या मे २०२२मध्ये. हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मामू, एका आईनं पत्रं लिहिली म्हणून मला हा फॉर्म मिळाला.”

फॉर्म मंजूर झाला. मुलगा अमेरिकेत जन्मला म्हणून तिथला नागरिक, आणि आईबापांचं उत्पन्न मोजायचं नाही. रात्रीची नर्स येऊ लागली. कंपनीचा विमा आधी, मेडिकेड नंतर, असं दोघं मिळून चालवतात. त्यात एक काटा मात्र आहे. दरवर्षी सिद्ध करावं लागतं, की मूल अजूनही रुग्णालयात ठेवण्याइतकंच आजारी आहे. इतर वेळी आई जगाला सांगत असते, बघा कसा हसतो, कसा उठून बसतो. वर्षातून एकदा तिलाच बसून लिहावं लागतं, की याला काय काय जमत नाही.

माझी बहीण नातवासाठी सहा महिने अटलांट्याला राहून आली. तिनं सांगितलं, “भाईजान, तिथं दवाखान्यात पोरीला रात्रंदिवस बसू देत होते. सकाळी डॉक्टर यायचे तेव्हा खाटेशी उभे राहून तिलाच विचारायचे, कालची रात्र कशी गेली.” हे सांगताना तिला १९८१ आठवत नव्हतं. ती तेव्हा तीन वर्षांची होती. आठवत होतं ते मला.

आपल्याकडे चित्र काय आहे? २०१२ साली महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, मग ती राज्यभर गेली. २०१७पासून तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. या योजनेतून गरीब घरांतल्या कितीतरी मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. चाचीच्या बांगड्या आज कदाचित वाचल्या असत्या, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण हीसुद्धा डॅलसच्या त्या ५० सेंटांच्या वंशातली आहे. तिला खाट दिसते. गावाहून यायचा खर्च, आईचा बुडालेला रोज, घरी गेल्यावरची महिनोन्‌महिन्यांची उस्तवार तिच्या यादीत नाही. आणि आपल्या सरकारी वॉर्डांत आई मुलाच्या खाटेखाली चटई टाकून झोपलेली दिसते, म्हणून आपण समाधान मानू नये. ती तिथे असते कारण नर्सा कमी आहेत. औषध आणायला, रक्ताची बाटली घेऊन पळायला कुणी तरी हवं असतं. आई जवळ असणं आणि आईला विचारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अम्मीला पहिली मिळाली नाही. आजच्या आयांना पहिली मिळते, दुसरी अजून मिळायची आहे.

मध्यंतरी अम्मीला मी केटीची गोष्ट सांगितली. ती आता ऐंशीला टेकली आहे. लिंबाखालचे बारा दिवस तिला तारीखवार आठवतात. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, “त्या बाईनं पत्रं कुणाला लिहिली होती रे? मला तर कुणाचा पत्ताच माहीत नव्हता.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)